निळ्या कोटाचा माणूस

१

वर्दे बंगल्याच्या व्हरांड्यात अनंतराव वर्दे दुसऱ्यांदा मरून पडले ते यंदाच्या श्रावणात. पहिल्यांदा ते खरोखरचे मेले होते, डोक्यात दगड बसून, तेव्हा मी पाटीवर अक्षरं गिरवत होतो. या खेपेला पडले ते मेणाचे होते. वेताच्या खुर्चीशेजारी आडवे, कपाळाला लाल रंग, आणि मागच्या दाराशी पाठमोरा उभा असलेला, निळा कोट घातलेला मारेकरी. त्याच्या पायाशी पाटी होती आणि पाटीवर नाव होतं, भिमाजी.

हे मला कळलं ते माझ्या दुकानात. मी लोणावळ्यात चिक्की विकतो. बाहेर धुकं इतकं दाट होतं की गिऱ्हाईक आधी चपलांच्या आवाजानं येत होतं, मग छत्रीनं आणि मग स्वतः. तशाच एका छत्रीखालून कुसगावच्या नंदाबाई बाहेर आल्या. त्यांचा आणि माझ्या घराचा जुना संबंध, दर सणाला त्या शेंगदाणे निवडायला यायच्या. आज त्या उंबऱ्यावरच थांबल्या.

"शितारामभाऊ, माझ्या बापाला तितं उभा केलाय," त्या म्हणाल्या.

मी त्यांना बसायला स्टूल दिलं.

"लोक त्याच्या खांद्यावर हात टाकून फोटू काढत्यात," नंदाबाई म्हणाल्या. "माझी आई मरस्तवर म्हनत हुती, ह्यांनी न्हाई केलं. गावानं ऐकलं न्हाई, कोर्टानं ऐकलं न्हाई. म्या म्हनलं जाऊ दे, आता समदी इसरल्यात. तर ह्यांनी त्याला पुन्हा उभा केला. भाऊ, तुमी त्या सभंत बोलणार हायसा ना? तुमी सांगा त्यांना."

हीच तर पंचाईत होती. आमचं एक मंडळ आहे. पावसाळ्यात लोणावळ्यातल्या माणसाला बुरशी झटकण्यापलीकडे उद्योग नसतो, म्हणून दर शनिवारी वाचनालयात बसून आम्ही जुन्या खुनांवर वाद घालतो. बंगल्याचा मालक सत्यम वर्दे याला ते कळलं. बंगल्याचं त्यानं नुकतंच हॉटेल केलं होतं. येत्या रविवारी दुपारी त्याच्या पाहुण्यांसमोर आम्ही वर्दे खुनावर वाद घालायचा, तिघांनी तीन संशयितांवर आरोप करायचे आणि शेवटी पाहुण्यांनी हात वर करून खुनी ठरवायचा, असा बेत होता. त्यात भिमाजीवर आरोप करायचं काम माझ्याकडे आलं होतं. भाषण मला पाठ झालं होतं, आणि खरं सांगायचं तर ते फक्कड जमलं होतं.

नंदाबाईंच्या तोंडाकडे बघून ते सगळं भाषण मला नकोसं झालं.

२

मी माधवीला फोन केला. डॉक्टर माधवी माझ्या वर्गातली. अर्ध्या मावळाचे मोतीबिंदू तिनं काढलेत, आणि तरी, किंवा त्यामुळेच, कुणाच्या बघण्यावर तिचा विश्वास नाही. माणूस निम्मं डोळ्यांनी बघतो आणि निम्मं आधीच ठरवून आलेला असतो, असं तिचं मत. मंडळात ती नेहमी शेवटी बोलते आणि बहुतेक वेळा आमचा पचका करते.

"चल, बंगल्यावर जाऊ," ती म्हणाली. "आणि भाषण घरी ठेव."

सत्यमनं आम्हाला व्हरांड्यात बसवलं. तिशीतला, गोड बोलणारा मुलगा. मेणाचे अनंतराव आमच्या पायाशी पडले होते. चहा पिताना माझं लक्ष सारखं त्यांच्या हाताकडे जात होतं, कारण तो हात माझ्या पेल्याकडे सरकतोय असं वाटत होतं. धुकं व्हरांड्याच्या खांबांतून आत येत होतं आणि निळ्या कोटाचा माणूस मधेच नाहीसा होऊन पुन्हा दिसत होता.

"मला त्या बाईंचं वाईट वाटतं, काका," सत्यम म्हणाला. "पण शिक्षा झाली होती ना त्यांना? मी काही मनचं सांगत नाही."

"तू तुझ्या घरात ऐकलंस तसं सांग," माधवी म्हणाली.

त्यानं सांगितलं. अनंतराव मुंबईहून निवृत्त होऊन इथे एकटे राहत. पावसाळ्यातल्या एका दुपारी कुणीतरी त्यांच्या डोक्यात दगड घातला. संशयित तिघे. पहिला स्वयंपाकी गोरख. त्या दुपारी तो बाजारात गेला होता, निदान तसं तो म्हणत होता. दुसरा पुतण्या श्रीधर, म्हणजे सत्यमचे आजोबा. ते वडगावच्या कोर्टात वकिली करत आणि काकांकडेच राहत. तिसरा भिमाजी. रेल्वेच्या लोको शेडमध्ये इंजिनांवर कामाला, कुसगावचा. बंगल्यामागून गावाकडे जाणारी पायवाट अनंतरावांनी कुंपण घालून बंद केली होती, आणि भिमाजीनं फाटकाशी उभं राहून, "तुमचं डोकं फोडीन," असं चारचौघांत म्हटलं होतं.

"आणि श्रीधरपंत त्या दिवशी कुठे होते?" मी विचारलं.

"वडगावला. संध्याकाळी आले. त्यांनीच पहिल्यांदा पाहिलं." सत्यमचा आवाज हळू झाला. "आजी सांगायची, आजोबांनी कोर्टाचा कोटसुद्धा काढला नव्हता. तसेच खाली बसले आणि काकांचं डोकं मांडीवर घेतलं. गळ्यातले पांढरे बँड रक्तानं माखले. त्यानंतर कितीतरी दिवस ते बोलत नव्हते म्हणे."

"काकांवर माया होती," माधवी म्हणाली.

"खूप. बंगला त्यांच्याकडेच आला, पण व्हरांड्यात ते कधी बसले नाहीत."

मग त्यानं मुख्य गोष्ट सांगितली. भिमाजीला शिक्षा झाली ती भांडणावरून नव्हे. एका बाईनं मारेकऱ्याला मागच्या वाटेनं जाताना पाहिलं होतं. रानभाज्या विकणारी, डोंगरातल्या वाडीतली, नुकती लग्न झालेली मुलगी. धुक्यात चेहरा दिसला नाही, पण कोट दिसला. निळा कोट आणि गळ्याशी पांढरं. लोको शेडचे कोट निळे असत. कोळशाची पूड आत जाऊ नये म्हणून भिमाजी गळ्याला पांढरा रुमाल बांधायचा, हे सगळ्या लोणावळ्याला माहीत होतं.

"एवढं सरळ आहे हो," सत्यम म्हणाला. "तरी शब्द देतो. तो माणूस भिमाजी नव्हता असं रविवारपर्यंत दाखवा, मी पाटी आणि पुतळा दोन्ही काढतो. पण ते दाखवणार कसं? पाहणारी एकच होती."

"होती नाही, आहे," माधवी म्हणाली. "गंगी. तिकोणा पेठेच्या वरच्या वाडीत असते. गेल्या वर्षी मीच तिचा मोतीबिंदू काढला, तेव्हा कोर्टात साक्ष दिल्याचं ती बोलली होती."

३

दुसऱ्या दिवशी आम्ही निघालो. पवना धरणाचं पाणी आणि वरचं आभाळ एकमेकांत असं मिसळलं होतं की एक होडी अधांतरी तरंगत होती. तिकोणा किल्ला कुठे दिसेना. मधेच धुक्यात फट पडून त्याचं टोक बाहेर आलं आणि पुन्हा गेलं. मला हे असलं वातावरण आवडत नाही. खोटं कशाला बोलू, मला ते फार आवडतं आणि म्हणूनच त्यात माझं डोकं चालत नाही.

वाडीत गंगीची नात हर्षदा आम्हाला घ्यायला आली. ती पवनानगरच्या कॉलेजात शिकते. गंगीबाई पडवीत गोधडी शिवत बसल्या होत्या. सुरकुतलेला, हसरा चेहरा, डोईवर पदर. माधवीला बघून त्यांनी दोन्ही हातांनी तिची अलाबला घेतली.

"रस्ता बरा हुता का, बाय?"

"बरा होता, मावशी," मी मधेच बोललो. "काळे कॉलनीवरून आलो."

"पवनानगरावरनं म्हन," गंगीबाई म्हणाल्या आणि सुईत दोरा ओवू लागल्या.

मला जरा राग आला. काळे कॉलनी म्हणा नाहीतर पवनानगर, गाव एकच. पण म्हाताऱ्या माणसांना दुरुस्त्या करायची हौस असते, म्हणून मी सोडून दिलं.

माधवीनं सावकाश विषय काढला. गंगीबाईंना आठवण करून द्यावी लागली नाही. त्या बोलू लागल्या तसा त्यांचा आवाज तरुण झाला.

"मी टाकळ्याच्या जुड्या घिऊन बंगल्याच्या मागल्या अंगानं येत हुते. धुकं असं, का हात पुढं केला तर बोटं दिसनात. त्यातनं त्यो आला. उंच. अंगात निळा कोट. गळ्याशी पांढरं, दोन पानं असल्यावानी, वाऱ्यावर फडफडत हुती. माझ्या अंगावरनं गेला पर बघितलं न्हाई माझ्याकडं. झोपंत चालल्यावानी गेला."

"तोंड दिसलं नाही?"

"नवी नवरी हुते मी, पदर वडून घेतला ना. कोटच बघितला निस्ता."

"कोर्टात कोट दाखवला होता तुम्हाला?"

"न्हाई. एक मानूस उभा केलता. साहेबानं इचारलं, एवढाच उंच हुता का? म्हनलं, व्हय, एवढाच. मग घरी धाडलं." त्यांनी टाका घातला. "सापडला म्हनं त्यो. बरं झालं. खून करून मोकळा फिरला असता तर माझ्या जिवाला घोर लागला असता."

माधवीनं माझ्याकडे बघितलं. जिच्या साक्षीनं माणूस गेला, तिला इतकी वर्षं त्याचं समाधान होतं. नंदाबाई आमच्यासोबत आल्या नव्हत्या याचं मला बरं वाटलं.

साक्ष तर पक्की होती. बाई खोटं बोलणारी नव्हती. मी मनातल्या मनात नंदाबाईंची समजूत घालायला वाक्यं जुळवू लागलो. एवढ्यात अंगणातून एक म्हैस धुकं ढकलत आली आणि पडवीच्या कडेला अंग घासू लागली. डांबरासारखी म्हैस, कपाळावर पांढरा ठिपकासुद्धा नाही.

"हर्षे," गंगीबाई ओरडल्या, "त्या निळीला बांध आधी. समदी गोधडी इस्कटंल."

४

"निळी?" मी माधवीच्या कानाशी लागलो. "म्हातारीला रंग कळत नाहीत! काळ्याला निळं म्हणते. संपला विषय. तिची साक्ष फुकट."

"तिचे डोळे मी तपासलेत," माधवी म्हणाली. "तेव्हा मला हे कळायला हवं होतं. थांब."

ती गोधडीच्या चिंध्यांच्या ढिगाजवळ बसली. लहान मुलीसारखी एकेक चिंधी उचलून ती विचारू लागली आणि गंगीबाई हसत सांगू लागल्या. हे तांबडं. हे हिरवं. हे हळदी. माधवीनं शाळेच्या पोलक्याची स्वच्छ निळी चिंधी उचलली.

"हे आभाळी."

मग छत्रीच्या कापडाची काळी चिंधी.

"हे निळं."

माधवीनं दोन्ही एकत्र केल्या, पाठीमागे नेल्या, पुन्हा काढल्या. उत्तर तेच. ढिगातून निळं काढून द्या म्हटल्यावर गंगीबाईंनी अचूक काळं तेवढं वेचून दिलं. आभाळी म्हटल्यावर निळं दिलं. चूक एकही नाही.

"हे दोन रंग वेगळे दिसतात तुम्हाला?"

"आता गं बाई, डोळं तूच केलं ना माझं? येगळं न्हाई तर काय."

मी बुचकळ्यात पडलो. रंग नीट दिसतात, मग नावं का उलटी? त्यांच्या वाडीत काळ्याला निळंच म्हणत असतील, असं म्हणावं, तर शेजारचा एक म्हातारा बाहेरून, "काळी सुटली का रं?" असं विचारत गेला. म्हणजे म्हैस सगळ्यांची काळी आणि एकट्या गंगीबाईंची निळी. मला स्वप्नात चालल्यासारखं वाटू लागलं. समोर काळी म्हैस निळी होऊन रवंथ करत होती आणि कुणालाच त्याचं काही वाटत नव्हतं.

"आजी, कोंबड्यांना कोंडा कुठाय?" हर्षदानं आतून विचारलं.

"भुसा म्हन गं. चुलीमागं हाय बग, भुसा."

हर्षदा टोपली घेऊन बाहेर आली आणि आमच्याकडे बघून हसली. "आजी कधीच कोंडा म्हणत नाही. आजोबांचं नाव कोंडू होतं ना. नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही, तर त्या नावासारखा शब्दपण घ्यायचा नाही. आजोबा जाऊन इतकी वर्षं झाली, तरी नाही."

माझ्या आईचं आठवलं. वडिलांचं नाव गोविंद म्हणून ती गोवऱ्यांना शेण्या म्हणायची. मी हसलो. माधवी मात्र हसली नाही. ती चिंध्या हातात धरून तशीच बसून राहिली.

"हर्षदा," ती म्हणाली, "आजोबांच्या वडिलांचं नाव काय होतं?"

हर्षदानं आजीकडे पाहिलं. मग टोपली खाली ठेवून ती माधवीजवळ आली आणि तिच्या कानात एक शब्द बोलली.

५

रविवारी दुपारी व्हरांडा पाहुण्यांनी भरला होता. पुण्यामुंबईची मंडळी, हातात भज्यांच्या बशा. गोरखवर आमच्या मंडळातला एक जण बोलला, कुणाला पटलं नाही. मग माझी पाळी आली. मी उठलो आणि म्हणालो की मी भिमाजीवर आरोप करायला आलो होतो, पण माझ्याऐवजी डॉक्टर माधवी बोलतील. सत्यमच्या कपाळावर आठी पडली. नंदाबाई मागच्या भिंतीशी उभ्या होत्या. आत गादीवर गंगीबाई नातीशेजारी बसल्या होत्या. गाडीत बसून फिरायला मिळालं म्हणून त्या खुशीत होत्या. त्यांना कशासाठी आणलंय ते अजून कुणी सांगितलं नव्हतं.

"भिमाजीला कोटानं मारलं," माधवीनं सुरुवात केली. "त्याचा कोट निळा होता, यावर कुणाचंच दुमत नव्हतं. त्याच्या वकिलाचंही नाही. म्हणून तो कोट कोर्टात साक्षीदाराला दाखवला गेला नाही. दाखवला असता तर खटला तिथेच संपला असता."

बशा थांबल्या.

"साक्षीदार खेड्यातली सून होती. आपल्याकडे सुना नवऱ्याचं नाव घेत नसत आणि सासऱ्याचं तर त्याहून नाही. काही घरांत हे इतकं कडक, की नावाशी जुळणारा शब्दसुद्धा तोंडातून काढायचा नाही. नवरा कोंडू, म्हणून ही बाई कोंड्याला भुसा म्हणते. तिच्या सासऱ्यांचं नाव होतं काळू."

मागे कुणीतरी हळूच "अरेच्चा" म्हणालं.

"लग्न होऊन आली त्या दिवसापासून तिच्या तोंडी काळा हा शब्द नाही. काळी म्हैस निळी. काळं कापड निळं. काळे कॉलनी हे गावाचं नावसुद्धा ती घेत नाही. आणि निळा शब्द असा काळ्याला देऊन टाकल्यावर खऱ्या निळ्याला ती आभाळी म्हणते. वाडीत हे सगळ्यांना ठाऊक होतं. फौजदाराला नव्हतं. ती निळा कोट म्हणाली आणि लोणावळ्यात निळा कोट म्हणजे लोको शेड. त्या दुपारी या बंगल्यामागून गेला तो माणूस काळ्या कोटात होता."

"आणि गळ्याशी पांढरं," मी नकळत बोललो.

"दोन पानं वाऱ्यावर फडफडणारी," माधवी म्हणाली. "निळ्या कोटावर तो रुमाल ठरतो. काळ्या कोटावर ती पांढरी दोन पानं कसली, हे जो एकदा कोर्टाची पायरी चढला असेल त्याला सांगायला नको."

सत्यम खुर्चीवरून उठला. मला त्या पोराची फार दया आली. त्याच्या घरातली गोष्ट त्यानं स्वतःच आम्हाला सांगितली होती. काकांचं डोकं मांडीवर घेतलेला वकील, रक्तानं माखलेले बँड. कोटाला रक्त कशानं लागलं याचं उत्तर इतकं जवळचं, इतकं मायेचं होतं, की दुसरं उत्तर कुणी शोधलंच नाही.

"माझे आजोबा संध्याकाळी आले होते," तो म्हणाला.

"संध्याकाळी ते पुढच्या दारानं आले. दुपारी कुठे होते हे त्यांना कुणी विचारलं नाही, कारण साक्षीदारानं निळा कोट सांगितला होता. तुझ्या आजोबांना मी फाशी देऊ शकत नाही, सत्यम, आणि द्यायचीही नाही. त्यांनी हे कशासाठी केलं, हेही मला माहीत नाही. त्या काळ्या कोटात ते होते, असं मला वाटतं. पण भिमाजी नव्हता हे नुसतं वाटत नाही, ते मला कळलंय."

"ही सगळी तुमची अटकळ आहे, डॉक्टर." सत्यम म्हणाला. "चिंध्या, म्हैस, कोंडा. ती बाई स्वतः म्हणाली पाहिजे. कोट काळा होता, एवढे शब्द तिच्या तोंडून आले तर मी मानेन. पण ती म्हणणार नाही, तुम्हीच सांगताय ना. मग कसं करायचं?"

तेवढ्यात दारात हालचाल झाली आणि हर्षदाचा हात धरून गंगीबाई बाहेर आल्या.

६

त्यांनी सगळं ऐकलं होतं. पण त्या सत्यमकडे गेल्या नाहीत. व्हरांड्यात त्यांनी चहूकडे पाहिलं आणि विचारलं, "म्या ज्याची उंची सांगितली त्या मानसाचं काय झालं?"

पाहुण्यांतल्या एका बाईनं मान फिरवली. शेवटी नंदाबाई भिंतीपासून पुढे आल्या.

"येरवड्याला नेला," त्या म्हणाल्या. "तितंच गेला. मला आठवतंय त्याप्रमानं माझ्या आईनं कुनाशी भांडान केलं न्हाई, पर पान्याच्या आडावर बाया तिला अदुगर पानी भरू देत न्हवत्या. मी त्याची लेक."

गंगीबाईंचे ओठ हलले. माझ्या मनात आलं की आता त्या म्हणतील, मला काय ठाऊक, मी खरं तेच सांगितलं. त्यांनी तसं म्हटलं असतं तरी कुणी त्यांना दोष दिला नसता.

"आमच्या वाडीत समद्यांना ठाव हुतं," त्या म्हणाल्या. "मला वाटलं, कोर्टातल्या शान्या मानसांनाबी ठाव आसंल. कुनी इचारलं न्हाई गं, निळा म्हंजी कंचा."

"मावशी, नका तरास करून घिऊ." नंदाबाईंनी त्यांचा दंड धरला. "तुमच्या घरची रीत हाय. डागदर म्हनाल्या ते मला पुरं हाय. मी त्यासाठी तुमाला बोलाया लावनार न्हाई."

ती बाई हे बोलली. जिनं जन्मभर वाट पाहिली, तीच म्हणाली की नको. माझे डोळे भरून आले आणि मी ते लपवलेही नाहीत.

गंगीबाईंनी दंड सोडवून घेतला. पदर कपाळापर्यंत ओढला, वडील माणसासमोर उभं राहावं तसा, आणि त्या डोंगराच्या बाजूला वळल्या. तिथे धुक्यापलीकडे काही दिसत नव्हतं. त्यांची वाडी त्याच दिशेला असावी, निदान त्यांच्या मनानं तरी. त्यांनी हात जोडले.

"मामंजी," त्या म्हणाल्या, "माफी करा. एका मानसाचा जीव गेलाय."

मग त्या आमच्याकडे वळल्या. शब्द बाहेर यायला तयार नव्हता. हर्षदा रडू लागली. सत्यम तसाच उभा होता, हात लोंबकळत.

"त्यो कोट," गंगीबाई म्हणाल्या, "काळा हुता."

आवाज इतका बारीक होता की मागच्या रांगेपर्यंत गेला नसावा. सत्यमनं मान खाली घातली. पाहुण्यांपैकी कुणी हात वर केला नाही.

नंदाबाई गंगीबाईंच्या अगदी जवळ गेल्या आणि त्यांचे दोन्ही हात हातात घेतले.

"अजून एकदा म्हना, मावशी," त्या म्हणाल्या. "मोठ्यानं म्हना. माझ्या आईला ऐकू जाऊ द्या."

आणि गंगीबाईंनी मोठ्यानं म्हटलं.